दुष्ट वासरू आणि दोन केडगावं

तीनशे प्रती छापून घरी आल्या आणि मग चूक सापडली. पान अकरा, खालून चौथी ओळ. बायबलमधल्या गोष्टीतला उधळा मुलगा घरी परततो, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो आणि चाकरांना हुकूम सोडतो, 'दुष्ट वासरू आणून कापा.' पुष्टचं दुष्ट झालं होतं. मी डीटीपी करते, लोकांच्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं, आणि ही चूक माझ्याच बोटांची. प्रूफ तिघांनी वाचलं होतं. तिघांनाही गोष्ट लहानपणापासून पाठ, त्यामुळे तिघांनीही कागदावरचं न वाचता डोक्यातलं वाचलं.

पुस्तिका बत्तीस पानांची. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातल्या तीन गोष्टी – हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा – मावशीने तिच्या साध्या मराठीत लिहिलेल्या, आणि मागे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे काही अभंग. अक्षर सोळा पॉइंटचं, कारण वाचणारे साठीच्या पुढचे. निमित्त आजोबांचं. माझे आजोबा कॉलपोर्टर होते. हा शब्द आता चर्चच्या मंडळीतल्या तरुणांनाही माहीत नाही. खांद्याला झोळी लावून बाजाराच्या गावी जायचं, शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिका विकायच्या, संध्याकाळी हिशेब द्यायचा, हे त्यांचं काम. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या बाजूला त्यांना 'पुस्तकवाले मास्तर' म्हणत. त्या वाटेने एकदा जायचं आणि पुस्तिका नेऊन द्यायच्या, असं मावशीने दोन वर्षं धरलं होतं.

पुन्हा छापायला पैसे नव्हते. मग स्टिकरच्या कागदावर त्याच फाँटमध्ये तीनशे वेळा 'पुष्ट' छापून घेतलं. शंभर प्रती आमच्या पिशव्यांत, दोनशे कुरिअरने केडगावला मावशीच्या मैत्रिणीकडे. कात्री, पट्ट्या आणि चिमटा पर्समध्ये.

पहिला दिवस : मुंबई

पुण्याहून सकाळची गाडी. लोणावळ्यापर्यंत मी पट्ट्या कापत होते, मावशी चिकटवत होती. घाटात बोगदे लागले आणि सहा-सात वासरं तिरकी झाली. समोरच्या काकांनी बराच वेळ पाहून शेवटी विचारलंच, "काय चाललंय?" मावशी म्हणाली, "वासराला सुधरवतोय." त्यांना गोष्ट सांगावी लागली. कर्जत येईपर्यंत त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि वीस रुपये पुढे केले. मी नको म्हणत होते, पण मावशीने घेतले. आजोबांचा नियम होता: फुकट दिलेलं चुलीत जातं. तो नियम त्यांचा एकट्याचा नव्हता. जुन्या मिशनच्या लोकांचाही अनुभव हाच होता की फुकट वाटलेल्या धर्मप्रचाराच्या पत्रिकांच्या वाण्याकडे पुड्या होतात. एक पैसा का होईना, मोल घेतलं की माणूस ते घरात जपून ठेवतो.

मुंबईत भायखळ्याला उतरलो. अमेरिकन मिशनची माणसं इथे १८१३ साली आली. गॉर्डन हॉल त्यांतला एक. सुरुवातीची काही वर्षं नुसती बोलण्यात गेली. बार्डवेल नावाचा छपाई जाणणारा माणूस १८१६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्यांची मराठीतली पहिली पत्रिका छापून निघाली. त्याआधी बंगालात सिरामपूरला विल्यम केरीने मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये छापला होता. त्याच्या मदतीला वैजनाथ नावाचे पंडित होते. पण कलकत्त्याजवळ बसून केलेलं ते मराठी मुंबईच्या बाजारात कोणाला नीट उमगेना, म्हणून इथल्या मंडळींनी स्वतःचा नवा करार तयार केला. तो निघाला १८२६ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल पुस्तकं घेऊन नाशिककडे गेला. तिथे पटकीची साथ होती. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत त्याला पटकीने गाठलं आणि काही तासांत तो गेला. मावशी हे सांगताना दर वेळी देवळावर जोर देते. "ओसरी कोणाची होती बघ," म्हणते.

भायखळ्यात आज त्या छापखान्याचं काही दिसेल अशी माझी अपेक्षा नव्हती. रस्त्यावर टेम्पो, वर पूल, हॉर्न. मला खरं जायचं होतं काळबादेवीला, कोलभाट लेनमध्ये. तिथे 'निर्णयसागर' होता. मावशीला आधी कळेना, पंचांग आणि पोथ्या छापणाऱ्या छापखान्याशी आपला काय संबंध. संबंध असा, की निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घासायच्या कामाला होते. खिळ्याची विद्या त्यांनी तिथे थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली घेतली आणि पुढे देवनागरीचं असं वळणदार अक्षर पाडलं की त्याला तोड नव्हती. त्यांच्या आधीचे छापखानदार गणपत कृष्णाजी, तेही याच छापखान्यातून शिकून बाहेर पडले आणि १८३१ मध्ये त्यांनी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून लोक पोथ्या घेईनात, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली असं सांगतात. ख्रिस्ती पत्रिका छापायला आणलेल्या यंत्रांवर हात बसलेल्या लोकांनी मराठी घरांत पंचांग पोहोचवलं. मिशनच्या अहवालात हे यश म्हणून कोणी नोंदवलं असेल असं वाटत नाही.

माझे बाबा खिळेजुळारी होते. देवनागरी खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, शेकडो घरं असायची. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. बाबांना रात्री झोपेतही हात हलवायची सवय होती. कोलभाट लेनमध्ये उभं राहून मला मिशन आठवलं नाही, बाबांची काळी नखं आठवली.

दुसरा दिवस : केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाणारी लोकल. लोणी, उरुळी, यवत. जानेवारीचा शेवट, दोन्ही बाजूंना ऊस, आणि गुऱ्हाळाचा वास डब्यात शिरतो तेव्हा केडगाव जवळ आलं म्हणून समजावं. उरलेल्या प्रतींवरच्या पट्ट्या यवतपर्यंत संपल्या.

मैत्रीण स्टेशनवर आली होती. "सलाम, सलाम" झालं. पण चेहरा पडलेला. पार्सल आलंच नाही. कुरिअरच्या माणसाने फोनवर सांगितलं की ते कालच केडगावला 'पोचतं' झालंय. कोणत्या केडगावला, हे विचारायचं मलाच सुचलं. नगर शहराच्या वेशीवरही एक केडगाव आहे. पत्त्यावर तालुका दौंड स्पष्ट लिहिला होता. माझी सगळी दुष्ट वासरं नगरला जाऊन बसली होती.

मावशी हसत सुटली. "आपल्याला नगरलाच जायचंय ना उद्या? पुढे गेलीत ती."

दुपारी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेलो. रमाबाई म्हटलं की लोकांना शारदा सदन आठवतं, विधवांचं काम आठवतं. मला त्या आठवतात प्रूफं तपासताना. गावातल्या बाईला कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून भाषांतर केलं आणि ते केडगावातच छापलं. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका-मुली. बाबांना छापखान्यात 'हे बायकांचं काम नाही' म्हणणारे लोक भेटायचे. बाबा मग केडगावचं नाव घ्यायचे.

हे काम चालू असताना १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुस्तक बाहेर पडलं १९२४ मध्ये. शेवटची प्रूफं पुरी करण्यापुरते दिवस दे, अशी प्रार्थना त्यांनी केली होती, असं इकडे सगळे सांगतात. शेवटचं प्रूफ झालं आणि त्या रात्री झोपेत गेल्या. हे दिवसांच्या हिशेबाने जुळतं का, हे तपासायच्या फंदात मी पडले नाही. प्रूफ वाचणाऱ्या माणसाला ती प्रार्थना कळते. त्यांच्या कबरीपाशी उभी असताना माझ्या पिशवीत पट्ट्या लावलेल्या नव्याण्णव प्रती होत्या. मला जरा लाजच वाटली.

रमाबाईंपर्यंत हा धर्म कसा पोहोचला, तेही पाहण्यासारखं आहे. सिल्चरला असताना नवऱ्याच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानसं पुस्तक सापडलं. ते तिथे कसं आलं ते माहीत नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान होतं ते. उपदेशक नाही, सभा नाही. कोणीतरी, केव्हातरी, कोणालातरी दिलेली पुस्तिका.

रात्री मैत्रिणीने आजीचं बायबल दाखवलं. केडगावच्याच छपाईचं. शिवण सुटलेली, पाठीला धोतराच्या काठाची पट्टी लावलेली. स्तोत्रांच्या पानांवर तेलाचे अर्धगोल ठसे, एकाच उंचीवर, उजव्या कडेला. आजी जेवणानंतर वाचायची आणि अंगठा तिथे टेकवायची. मी बोट लावून पाहिलं. अक्षर कागदात दाबलेलं लागतं, खिळ्याची खोली बोटाला कळते. ऑफसेटचा कागद गुळगुळीत, त्याला असं काही नाही. अनुक्रमणिकेच्या पानावर मात्र पेन्सिलीने दुधाचा हिशेब होता.

तिसरा दिवस : नगर

केडगावहून दौंड, दौंडहून एसटी. रस्त्यावर सांगण्यासारखं काही घडलं नाही. काष्टीला चहा बेताचा.

नगरच्या केडगावात कुरिअरचं दुकान शोधायला तास गेला. दोनशे प्रतींचा खोका टेबलाखाली होता आणि वर कोणीतरी डबा ठेवून जेवलेलं. खोका घेतला, रिक्षा केली, चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी उतरलो. नाव आता अहिल्यानगर झालंय, रिक्षावाला मात्र "नगरात कुठं?" असंच विचारतो.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचं माहेर नगरच. अमेरिकन मिशनने इथे १८३१ मध्ये ठाण मांडलं आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच सुरू झालं. त्यात धर्म होताच, पण वाफेचं यंत्र, ग्रहण, शेती असलंही भरपूर येई. ते दिवस वादाचेही होते. पाद्री हिंदू शास्त्रांवर लिहीत, इकडून मोरभट दांडेकरांसारखे पंडित छापील उत्तर देत. त्या काळच्या काही पत्रिका मी वाचल्यात. दुसऱ्याच्या देवाची टर उडवणारा मजकूर वाचून आज कोणाचं मन वळेल असं मला वाटत नाही, तेव्हाही फारसं वळलं नसावं. शिवाय भाषा! वाक्य इंग्रजीत जन्मून मराठीत आजारी पडलेलं. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं, तेव्हा कुठे कळलं की लोकांना वाद नको, गोष्ट हवी. विधवांची दशा सांगणारं ते पुस्तक प्रचारासाठीच होतं, पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आज ते सगळ्यांचं झालंय.

आणि ना. वा. टिळक. १८९३ मध्ये ते रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, कवितेवर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाला. टिळकांना पुस्तक फारसं आवडलं नव्हतं, पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची त्यापायी जी ओढाताण झाली ती मराठी वाचकाला सांगायला नको. एका पुस्तकाने एका घरावर काय आणलं, हे त्याच घरातल्या बाईने इतकं हसतखेळत आणि इतकं खरं लिहावं, हे आपलं भाग्य. टिळक पुढे ज्ञानोदयाचे संपादक झाले आणि ख्रिस्ती देवळातल्या गाण्यांतून साहेबी चाल घालवून अभंग आणला.

मावशीने हे सगळं पाळकसाहेबांच्या कॉलेजातल्या दोन मुलांना सांगितलं, ती पट्ट्या लावायला बसली होती. मोठा म्हणाला, "मावशी, पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना, एका मिनिटात झालं असतं. चूकही दुरुस्त करता आली असती." त्याचं बरोबर होतं. मावशी म्हणाली, "माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज चाळीस वचनं येतात. एकही वाचत नाही." तेही बरोबर होतं. धाकट्याने विचारलं, गाडीत अशा पुस्तिका वाटता, कोणी काही बोलत नाही का? बोलतात. गेल्या वर्षी एकाने माझ्यावरच मोबाइल रोखून शूटिंग सुरू केलं होतं. त्यामुळे आता आम्ही मागितल्याशिवाय कोणाच्या हातात काही देत नाही. आजोबाही हाक मारत फिरत नसत. पारावर बसून मोठ्याने वाचायचे. ज्याला ऐकायचं तो थांबायचा.

रात्री अकराला मुलं पेंगायला लागली. मोजून एकशे नव्वद झाल्या, बाकीच्या सकाळी, असं ठरलं.

चौथा दिवस : वडाळ्याच्या पुढे

सकाळी जीप आली आणि जी गडबड झाली तीत त्या दहा प्रती तशाच खोक्यात गेल्या. हे मला आठवलं घोडेगाव मागे पडल्यावर.

वडाळा बहिरोबा हे मिशनचं जुनं ठाणं, दवाखान्यामुळे पंचक्रोशीला माहीत. आजोबांचा पगार इथे मिळायचा. तिथून आत कच्च्या रस्त्याने गेलं की त्यांचं शेवटचं बाजाराचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढचा प्रसंग त्यांच्या घरातला आहे.

शेतात ज्वारी निसवलेली, दोन ठिकाणी हुरड्याच्या आगट्या. पत्र्याच्या छपराचं लहानसं ख्रिस्ती देऊळ, पुढे लिंबाचं झाड, त्याखाली सतरंजी. तीसेक माणसं. निम्मी मंडळीतली, निम्मी अशीच, शेजारपाजारची. पुस्तकवाल्या मास्तरांची लेक आणि नात आलीय एवढंच त्यांना कळलं होतं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. त्यांनी धोतराच्या सोग्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मार्काच्या शुभवर्तमानाची पुस्तिका, बोटभर जाड, कडा वाळवीने खाल्लेल्या. "आमच्या बापानं तुमच्या बापाकडनं घेतल्याली. दोन पैशे." ते ख्रिस्ती झाले नव्हते, व्हायचा विचारही नव्हता. वारी करतात. पुस्तक का ठेवलं, असं मावशीने विचारलं, तर म्हणाले, "बापानं मोल देऊन घेतलंय. टाकायचं कसं?"

मावशीला पुढे काही बोलता येईना. आजोबांचा नियम असा अंगावर आला.

पुस्तिका वाटल्या, प्रत्येकी पाच रुपये, नसतील तर राहू दे. मी पट्टी नसलेल्या प्रती शोधत होते, पण खोका कधीच रिकामा झाला होता. मग कोणीतरी म्हणालं, पोराला वाचायला लावा. सातवीतला एक मुलगा उभा राहिला. अक्षर मोठं होतं, तरी बोट ठेवून वाचत होता. मुलगा परदेशी गेला, पैसे उधळले, डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटल्या. 'शेंगा'पाशी बायका हसल्या. बाप लांबून बघतो नि धावत सुटतो, तिथे पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. तिचा मुलगा पुण्याला असतो, हे नंतर कळलं. मग पोराने पान उलटलं, माझ्या पोटात गोळा आला, आणि तो खणखणीत आवाजात वाचता झाला, "दुष्ट वासरू आणून कापा."

मी पर्समधून पट्टी काढून उठलेच. "बाळ, थांब जरा, तिथे चूक झालीय –"

"चूक कशाची?" भिंतीला टेकलेली एक आजी म्हणाली. तिच्या हातात पुस्तिका उलटी धरलेली होती. "दुष्टच असंल की. गुणाचं वासरू कोण कापतंय व्हय?" माळकरी बाबांनी मान डोलावली. सतरंजीवर सगळीकडे हसू पसरलं. मावशी तर डोळे पुसत होती. पट्टी माझ्या बोटाला चिकटून राहिली.

"पुढं वाच रं," आजी म्हणाली. "थोरला भाऊ रानातनं आला का न्हाई अजून?"